घोडपदेवचे राऊळकाका आणि युद्धाच्या सात पायऱ्या

आमच्या चाळीत पाणी साडेपाचला येतं आणि युद्ध साडेसहाला.

साडेसहाला पेपर येतात. तिसऱ्या मजल्यावरचे गुणाजी राऊळ, म्हणजे आमचे राऊळकाका, तीन पेपर बगलेत मारून गॅलरीत उभे राहतात आणि खालच्या चौकापर्यंत पोचेल अशा आवाजात जाहीर करतात, "आज चवथी!" मग कोणीतरी तोंडात ब्रश धरूनच विचारतं, "कुठली लढाई, काका?" जगात कुठे ना कुठे ती चालू असतेच, त्यामुळे काकांचा एक दिवसही खाडा होत नाही.

काका त्र्याहत्तर वर्षांचे. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून माझगावात आयुष्य गेलं. बायको वारली, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, काका लढायांना लागले. लायब्ररीतून आणलेली जाडजूड पुस्तकं वाचून त्यांनी असा निष्कर्ष काढला की जगातली सगळी सरकारं एकाच जिन्याने युद्धात चढतात, आणि त्या जिन्याला सात पायऱ्या असतात.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत असल्यामुळे मला त्या पाठ आहेत. पहिली, 'आम्ही बारकाईने लक्ष ठेवून आहोत.' दुसरी, 'आमच्या संयमाचा अंत पाहू नका.' तिसऱ्या पायरीला बोटी सरावासाठी म्हणून निघतात. चौथीला मर्यादित कारवाई होते. "मर्यादित!" काका चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "अरे, मर्यादा कोणी घातली? समोरच्याक विचारलंत?" पाचवी सगळ्यात वाईट. त्या पायरीवर सरकार म्हणतं, आता थांबलो तर गेलेल्यांचं मरण फुकट जाईल. म्हणून आणखी माणसं पाठवतात. सहावीला भांडण कशावरून लागलं हे कोणालाच आठवत नाही. आणि सातवीला सगळे चर्चेच्या टेबलाशी येऊन बसतात.

"आणि ता टेबल पहिल्या दिवशीपण थंयच होता," काका म्हणतात. "ह्येंका दिसला नाय!"

पेपर घडी करताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "मागच्या वेळचा कोणी वाचूक नाय काय?" हे ते इतक्या कळकळीने विचारतात, की जणू संरक्षण खातं आमच्या दुसऱ्या मजल्यावरच आहे आणि तिथल्या साहेबांनी होमवर्क केलेला नाही.

आता इतकं कळणारा माणूस स्वतः भांडणार नाही असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण मध्यंतरी काकांनी चपलांचं नवं स्टँड केलं, आणि ते शेजारच्या शिंदेमास्तरांच्या दारासमोर चार बोटं गेलं. मास्तर म्हणाले, मी बघतोय. मग मास्तरांनी हद्दीवर तुळशीची कुंडी ठेवली. काकांनी पाण्याचं पिंप. मास्तरांनी पाय मोडलेली खुर्ची. आठ महिन्यांनी गॅलरीची अशी अवस्था झाली, की जिन्याकडे जाणारा माणूस भिंतीला पोट घासत जायचा.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, ही पाचवी नाही का हो?"

"ती सरकारांसाठी," काका म्हणाले. "हो माझ्या दाराचो प्रश्न आसा."

शेवटी दोघांना माझ्याच घरी चहाला बसवलं आणि दहा मिनिटांत गॅलरी मोकळी झाली. काका निघताना मला हळूच म्हणाले, "सरकारांचाही दोष नाय रे. मागे फिरताना सगळे बघतात ना, त्याची लाज वाटते."

मग मागच्या वर्षी आखातात दोन देशांचं पेटलं.

आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत सुलभा घाडी राहतात. सगळे त्यांना घाडीकाकू म्हणतात. त्यांचे यजमान काकांबरोबर कारखान्यात होते, त्यामुळे त्या काकांना भावजी म्हणतात आणि काका त्यांना वयनी. त्यांचा एकुलता एक निलेश तेलाच्या जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला आहे, आणि ते जहाज नेमकं त्या टापूत होतं.

त्या सकाळी काका पेपर घेऊन गॅलरीत आले. मी दाढी करत होतो. माझ्या फोनवर बातमी आधीच आली होती. क्षेपणास्त्रं सुटली होती, एका मालवाहू जहाजाला आग लागली होती. चौथीच्या पुढे कधीच गेलं होतं. मी काकांच्या आरोळीची वाट पाहत राहिलो.

घाडीकाकू हंडा खाली ठेवून उभ्या होत्या. "भावजी, कितवी आज?"

काकांनी पेपराकडे पाहिलं, त्याची उलटी घडी घातली आणि म्हणाले, "दुसरी. नुसते ओरडतत. काय होत नाय, वयनी."

पायरीच्या बाबतीत काका खोटं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशीही दुसरी. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी बेधडक 'पहिली' सांगून टाकलं. शिवाय नाक्यावरच्या पेपरवाल्याला पटवून मजल्यावरचे सगळे पेपर ते आधीच ताब्यात घेऊ लागले. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून घरोघर फिरले. आमच्याच मजल्यावरचे राणे ऐकेनात, तर त्यांच्याकडे चहाच्या निमित्ताने बसून बातम्या लागल्या की रिमोटच मागून घ्यायचे.

दुपारी ते माझ्याकडे यायचे. जहाजं कुठे आहेत ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारं एक ॲप मी त्यांच्यासाठी माझ्या फोनवर घातलं होतं. एका दुपारी निलेशच्या जहाजाचा ठिपका दिसेना. हल्ल्याच्या भीतीने जहाजं सिग्नल बंद ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं. ते "माहीत आसा" म्हणाले आणि तरीही स्क्रीनवर बोट फिरवत राहिले.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही रोज त्यांना खोटं सांगता."

त्यांचं बोट स्क्रीनवरच थांबलं. मग म्हणाले, "माझा दादा बोटीवर होता. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा खिडक्यांना काळे कागद लावलेले. चाळीत पेपर एकच यायचा. आईला अक्षरओळख नव्हती, चाळीतल्या बऱ्याच जणांना नव्हती. तर एक शहाणा रोज गॅलरीत उभा राहून सगळा पेपर मोठ्याने वाचायचा. बोटी बुडाल्या, माणसं गेली, सगळं. लोक वाहवा करायचे, आवाज काय खणखणीत! आई आत बसून ऐकायची. तिने अंथरूण धरलं. दादा महिन्याभराने आला, ठणठणीत. पण आई राहिली नव्हती."

"आणि तो वाचणारा?"

"मीच तो. एकोणीस वर्षांचा होतो." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मी मागच्या वेळचं वाचलंय रे. मला कोणाला विचारायला नको."

दोन दिवसांनी ठिपका परत दिसला, आखाताच्या अरुंद तोंडाच्या बाहेर. काकांनी मला घट्ट मिठी मारली आणि लगेच घसा खाकरून, "तुझो फोन बरो आसा" असं काहीतरी म्हणाले.

बातमी सांगायला मी घाडीकाकूंकडे धावलो, तर त्या शांतपणे तांदूळ निवडत होत्या. "कालच फोन आला त्याचा," त्या म्हणाल्या.

"काकू, म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"मोबाइल माझ्याकडे नाही का रे? सगळं बघत होते. जीव नुसता टांगणीला लागलेला." त्या जराशा हसल्या. "पण भावजी सकाळी इतक्या मायेने खोटं बोलायचे, की ते ऐकल्याशिवाय मला हंडा उचलवायचा नाही. तू त्यांना सांगू नकोस हो."

मी अजून सांगितलेलं नाही.

दीड महिन्याने निलेश घरी आला. अख्खा मजला त्याच्याभोवती जमला, सगळ्यांना क्षेपणास्त्रांच्या गोष्टी हव्या होत्या. काका आले ते सरळ त्याच्या शेजारी कॉटवर बसले. लढाईबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. इंजिनाचे पंप कुठल्या बनावटीचे, गळती कुठे होते, असलं काहीतरी विचारत राहिले, आणि बोलता बोलता त्याचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

निलेश नंतर मला म्हणाला, "पंपांचं बोलणं संपलं, गर्दी पांगली, तरी काका हात सोडेनात. मला बाथरूमला जायचं होतं रे. पण नाही सोडवून घेतला."