तानुबाईच्या मांडीवरचा दगड

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. भैरोबाची शपथ, मी तिथं स्वतः उभा होतो. (म्हणजे त्या दिवशी मी जतला गेलो होतो, पण उभाच होतो, एस्टीत.)

त्र्याहत्तर सालची गोष्ट. कोरेगावजवळच्या आमच्या गावात, फौजेतनं सुभेदार होऊन आलेल्या नानासोंची डबीएवढी, जुनी मोटार होती. तिचा हँडब्रेक कधीच निघून गेला होता आणि ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून कायम उतारावर उभी करायची. गाडी थांबली रे थांबली, की त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, उडी मारून चाकाखाली दगड सारायचा. अकरा वर्षं ही माउली भावकीतल्या प्रत्येक लग्नाला पैठणी नेसून आणि मांडीवर दगड घेऊन गेली.

शेवटी सांगलीच्या भाचीचं लग्न निघालं, आणि तानुबाई चुलीपुढनं उठली.

"आवं, माझ्या भावानं एक बरी गाडी बघून ठिवलीया. ही इका. न्हाईतर लग्नाला तुमी आन तुमचा दगड जावा, मी न्हाई येत!"

लढाईत तोफेला न हललेला माणूस मटकन खाली बसला.

"अगं, दुरुस्त करू की! साताऱ्याचा मिस्त्री म्हणतोय, नव्यासारखी हुईल."

"अकरा वर्सं त्यो म्हणतोयच!"

देवाला कौल लावायचं ठरलं. मूर्तीवरचं उजवं फूल पडलं तर दुरुस्ती, डावं पडलं तर विक्री. आदल्या दिवशी नानासोंनी आप्पा गुरवाला गुपचूप नारळ दिला: उजवं जरा सैल लाव. तासाभरानं तानुबाईनं दोन दिले: डावं. आप्पानं विचार केला, गावात राहायचं तर वैर कशाला? त्यानं दोन्ही फुलं गुळाच्या पाकानं चिकटवली.

सकाळी गाडी देवळाच्या वरच्या अंगाला, देवळाकडं तोंड करून थांबली. बायकोला खूश करावं म्हणून नानासो म्हणाले, "तू हो म्होरं. आज दगड म्या लावतो."

तिथंच घात झाला. त्यांनी आयुष्यात दगड लावलाच नव्हता. त्यांनी तो मोठ्या ऐटीत मागच्या चाकाच्या मागं ठेवला.

गाडी गिअरवर दहा मिनिटं विचार करत उभी राहिली. आत फुलं हलेनात. तिघांनाही घाम फुटलेला. आणि एकदम धाडकन! भिंत हादरली, घंटा आपोआप वाजली आणि दोन्ही फुलं एकदम खाली.

आप्पा कान धरून म्हणाला, "आमच्या आज्याच्या वक्तालाबी असं झालं न्हवतं!"

"मग अर्थ काय रं ह्याचा?" नानासोंनी विचारलं.

"अर्थ... ठिवायची बी आन इकायची बी..."

तानुबाई बाहेर जाऊन दगड कुठं आहे ते बघून आली.

"मला कळला कौल. गाडी ठिवा, दुरुस्त करा. पर हितनं म्होरं चालवणार मी. दगड तुमी लावायचा. तुमाला सरावाची लय गरज हाय."

ती महिन्याभरात गाडी शिकली; दुरुस्तीचं साताऱ्याचा मिस्त्री अजून नुसतं म्हणतच होता. सांगलीत मांडवापुढं गाडी थांबली, तेव्हा सनईवाला सूर विसरला. स्टिअरिंगवर पैठणीतली तानुबाई. शेजारी फेटा बांधलेले सुभेदार, मांडीवर दगड.

आता कबुली देतो. गुरव, गूळ, फुलं, हा सगळा कौलाचा भाग मी रचला. नानासोंची अब्रू राहावी म्हणून देवाला मध्ये घातलं. खरं तर तानुबाई एके सकाळी गाडीच्या दाराशी येऊन नुसतं म्हणाली, "सरका तिकडं."

आणि ते सरकले.