खवल्या मांजराला दात नसतात

"बाई, आपल्या बालवर्गाच्या भिंतीवरचा पेंग्विन आपल्या देशात नक्की कुठे राहतो?"

प्रार्थना संपलेल्या मैदानावर एकदम शांतता पसरली. इतकी, की मागच्या रांगेत कुणीतरी चोरून उघडलेल्या डब्याच्या झाकणाचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला.

मोठ्या बाई रोज प्रार्थनेनंतर विचारायच्या, "कुणाला काही शंका?" आणि रोज कुणालाच काही शंका नसायची. विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरायच्या, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या दोन पायऱ्या उतरूनही झाल्या होत्या. तिथून त्यांना परत वर यावं लागलं.

"कोण बोललं?"

नववीच्या रांगेतून भिंगरी एक पाऊल पुढे आली. हा सगळा मैत्रिणींच्या पैजेचा प्रताप होता. चष्मिस म्हणाली होती, "हिंमत असेल तर एकदा तरी शंका विचारून दाखव." आणि लंबू म्हणाली होती, "ही? अगं, ही हजेरीला 'हजर' म्हणते ते बाकावरच्या शेजारणीलाही ऐकू येत नाही." गेल्या वर्षीपर्यंत ते खरंच होतं. पण यंदा भिंगरीला वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला होता. स्पर्धक एकूण तीन होते, पण एवढ्यातेवढ्या गोष्टी लक्षात ठेवायची तिला सवय नव्हती.

"मी, बाई. त्या भिंतीवर पेंग्विन आहे, कांगारू आहे, जिराफ आहे. आपल्या देशातला मेला एकही प्राणी नाही! छोट्या मुलांना वाटतं, शाळेच्या मागे कांगारू उड्या मारतात."

"मग कोणता प्राणी हवा?"

इथे भिंगरीची पंचाईत झाली. पैज प्रश्नाची होती, उत्तराची नव्हती. मागच्या आठवड्यात वाचनालयातल्या पुस्तकात पाहिलेलं एक चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती ठासून म्हणाली, "खवल्या मांजर!"

अख्खं मैदान हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

"शनिवारी रंगारी येतोय, भिंत नव्याने रंगवायला. शुक्रवारी दहा वाजता तू बालवर्गाला खवल्या मांजर शिकव. मुलांना समजलं, तर भिंतीवर खवल्या मांजर. गोंधळ झाला, तर पेंग्विनलाच नवा रंग. आणि सोमवारी इथे उभं राहून तू त्या पेंग्विनची माफी मागायची."

"चालेल!" भिंगरी म्हणाली. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

घरी पोचल्या पोचल्या तिने तपकिरी ब्लँकेट जमिनीवर अंथरलं. खवल्या मांजराला अंगभर खवले असतात, एकावर एक, कौलांसारखे. एवढे खवले आणायचे कुठून? उत्तर बाबांच्या कपाटात होतं. बाबा विमा विकायचे आणि त्यांनी छापून घेतलेल्या कार्डांवर फोन नंबर चुकला होता. दोन खोकी कार्डं तशीच पडून होती. प्रत्येक कार्डावर ओठ मिटून हसणारे बाबा.

"अगं, माझं तोंड आहे त्याच्यावर!" बाबा म्हणाले.

"बाबा, तुमचं तोंड देशाच्या कामी येतंय." खट्ट. स्टेपलरने आणखी एक बाबा ब्लँकेटवर बसले.

जेवताना आई म्हणाली, "पोरी, तू एकाच बाजूने का चावतेस?"

"घाईत आहे ना. एका बाजूने लवकर होतं."

हे शास्त्र आईला पटलं नसतं, कारण आई दातांची डॉक्टर होती. पण तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा: गेले दोन महिने भिंगरीची डावी दाढ थंड पाणी लागलं की ठणकत होती आणि दिवसभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्या आईला त्याचा पत्ता नव्हता. आईच्या त्या मागेपुढे होणाऱ्या खुर्चीत बसायचं म्हटलं की भिंगरीला हटकून अभ्यास आठवायचा. मैदानभर लोकांसमोर बोलणं वेगळं. त्यात तोंड आपण उघडतो, पण त्यात हत्यार कुणी घालत नाही.

गुरुवारी तिने शाळेच्या फलकावर भलंमोठं चित्र लावलं: 'उद्या येत आहे, खवल्या मांजर!' फलकावर जागा नव्हती, म्हणून ते तिने एका छापील सूचनेवरच टोचलं. सूचना बारीक अक्षरात होती. ती वाचायला वेळ कुणाला होता?

शुक्रवारी दहाला ब्लँकेट पांघरून भिंगरी बालवर्गात रांगत शिरली, तेव्हा बावीस मुलं आधी किंचाळली आणि मग टाळ्या वाजवायला लागली.

"मी कोण?"

"विमावाले काका!" दोन वेण्यांची एक मुलगी खवल्यांकडे बोट दाखवत म्हणाली. तिचे आजोबा भिंगरीच्या बाबांचे गिऱ्हाईक होते.

"मी खवल्या मांजर! आपल्याच देशात राहतं, आपल्याच रानात. पण मांजर म्हणून हाक मारली तर म्यांव म्हणत नाही. याची जीभ हातभर लांब. हे काय खातं?"

"दूधभात!"

"मुंग्या! आणि याला दात किती?"

मुलांनी बोटं वर केली. कुणी दहा, कुणी शंभर.

"एकही नाही! मग चावतं कसं? तर चावतच नाही. बारीक खडे गिळतं, आणि पोटातल्या पोटात मुंग्यांचं पीठ होतं."

"आई गं," कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान टिल्लूने आदराने म्हटलं.

"आणि आता मुख्य गोष्ट. कुणी त्रास द्यायला आलं की हे काय करतं?" भिंगरीने गुडघे पोटाशी घेतले, डोकं आत घातलं आणि खवल्यांचा गच्च गोळा झाली. आतून तिचा आवाज आला, "असा गोळा झाला की वाघालासुद्धा उघडता येत नाही! धोका जाईपर्यंत उघडायचंच नाही. पिल्लू असलं तर त्याची आई त्याच्याभोवती गोळा होते. पिल्लू मधे, आई बाहेर. चला, सगळे गोळा!"

बावीस गोळे झाले. पुन्हा उघडले. पुन्हा झाले. दाराशी उभ्या असलेल्या बालवर्गाच्या ताई म्हणाल्या, "मी यांना सहा महिने मांडी घालून बसायला शिकवतेय गं!" भिंगरीने मनातल्या मनात पेंग्विनला निरोप दिला.

एवढ्यात अकरा वाजले. दार उघडलं आणि पांढरा कोट घालून, हातात चकाकत्या वस्तूंचा ट्रे घेऊन आई आत आली.

"आई? तू?"

"म्हणजे काय? बालवर्गाची दातांची तपासणी आहे. फलकावर सूचना लावली होती की आठ दिवसांपूर्वी." आईने मुलांकडे बघून गोड हसत विचारलं, "कोण पहिलं येणार? आ करून दाखवणार?"

बावीस मुलांनी आईकडे बघितलं. मग ट्रेकडे. मग टिल्लू शांतपणे म्हणाला, "धोका."

धप्, धप्, धप्. अर्ध्या मिनिटात खोलीत एकही मूल उरलं नाही. नुसते गोळे.

"हे काय चाललंय?" आईने सर्वांत जवळच्या गोळ्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, दात दाखव बघू."

"आम्हाला दात नसतात," गोळा म्हणाला.

ताईंनी डबा वाजवला. "कोण उघडणार? बिस्किट मिळेल!"

"खवल्या मांजर बिस्किट खात नाही," वेण्यांच्या गोळ्यातून उत्तर आलं. "मुंग्या आणा."

शिपाईकाकांनी बाह्या सरसावल्या. "मी बघतो." त्यांनी एक गोळा उचलून खुर्चीवर ठेवला. गोळा खुर्चीवरही गोळाच राहिला. काकांनी एक हात सोडवला की पाय आत जायचा, पाय सोडवला की डोकं. पाच मिनिटांनी काका घाम पुसत म्हणाले, "पोती उचलली, कपाटं उचलली, पण असलं सामान नाही बघितलं."

"काका, वाघालापण जमत नाही," गोळ्याने त्यांची समजूत काढली.

टिल्लूच्या गोळ्यातून मात्र एक घट्ट मिटलेली मूठ बाहेर दिसत होती. आईने ती हळूच उघडली. आत दाराजवळच्या कुंडीतले तीन खडे होते.

आईने भिंगरीकडे पाहिलं. या बघण्याला घरात 'क्ष-किरण' म्हणत.

"खडे गिळायला शिकवलंस? चार वर्षांच्या मुलांना?"

"अगं, शिकवायचं तर पूर्ण नको का शिकवायला?" भिंगरीने खडे खिशात टाकले. मग घाईने सगळ्यांना सांगितलं, "खडे फक्त रानातल्यांनी गिळायचे! शाळेतल्यांनी नाही!"

"मला साडेबाराला दवाखान्यात परत जायचंय," आई म्हणाली. "यांना तू बंद केलंस, तूच उघड."

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांनी बावीस गोळे पाहिले, घामाघूम काका पाहिले, आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे पेंग्विन मजेत उभा होता. "साडेबारापर्यंत तपासणी झाली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर याला मी गोंधळ म्हणेन."

भिंगरी हरणाऱ्यांतली नव्हती. तिने ब्लँकेट सावरलं. "मुलांनो, धोका गेला!"

वेण्यांच्या गोळ्यातून एक डोळा बाहेर आला. "मग त्या इथे कशा?" डोळा आत गेला.

"त्या धोका नाहीत. ती माझी आई आहे!"

"मग हातात काय आहे?"

"आरसा आहे गं. छोटासा. दुखत नाही."

"तुला कसं माहीत?"

मोठ्या बाईंना शंका विचारणं सोपं होतं. ही शंका अवघड होती.

"तू दाखव आधी," टिल्लू म्हणाला. "आ करून."

खोलीतले सगळे गोळे थोडे थोडे सैल झाले. बावीस डोळे बाहेर आले, प्रत्येकाचा एकेक. पळायचं तर दार दोन पावलांवर होतं. अभ्यासही भरपूर होता. आणि समोर पेंग्विन पोट पुढे काढून वाट बघत होता.

"त्याची माफी?" भिंगरी स्वतःशीच पुटपुटली. "जमणार नाही."

ती जाऊन खुर्चीत बसली. हात आपोआप पोटाशी गेले, गुडघे वर आले. ती गोळा व्हायलाच लागली होती, तेवढ्यात आई खाली वाकली. एक हात तिने भिंगरीच्या डोक्यामागून घेतला आणि हळू आवाजात ती म्हणाली, "नुसतं बघणार आहे, बेटा. शप्पथ."

"बघा बघा!" टिल्लू ओरडला. "तिची आई तिच्याभोवती गोळा झाली! पिल्लू मधे!"

भिंगरीला हसू आलं, आणि हसता हसता तिचं तोंड उघडलं. आरसा आत गेला. डाव्या बाजूला येऊन आईचा हात क्षणभर थांबला. तिच्या भुवया वर गेल्या. भिंगरीने डोळ्यांनीच विनवलं. आई बावीस डोळ्यांकडे वळली आणि म्हणाली, "झालं! बघा, गिळलं का मी हिला?"

"नाही!"

"मग पुढचं पिल्लू कोण?"

टिल्लू उठला. त्याची अट एकच होती, ताईंनी मागून गोळा व्हायचं. ताई झाल्या. मग वेण्यावालीला शिपाईकाका हवे होते. तेही झाले. बारा वाजून वीस मिनिटांनी बाविसावं तोंड मिटलं, तेव्हा काकांची कंबर धरली होती.

मोठ्या बाईंनी विचारलं, "मुलांनो, भिंतीवर कोण हवं?"

"खवल्या मांजर!"

"आणि पेंग्विनचं काय?"

टिल्लूने विचार केला. "त्याला त्याच्या घरी जाऊ दे ना. त्याची आई वाट बघत असेल."

मोठ्या बाईंनी मान हलवली आणि जाता जाता दारात थांबून त्या म्हणाल्या, "भिंगरी, सोमवारी प्रार्थनेला आणखी एखादी शंका असेल तर आधी मला येऊन सांग."

संध्याकाळी घरी चहा होता. भिंगरीने बिस्किट नेमकं उजव्या बाजूने चावलं आणि आईने हातातली बशी खाली ठेवली.

"आता बोलूया. ती दाढ. किती दिवस?"

"दोन महिने," भिंगरी म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आईने आत जाऊन पाहिलं होतं.

"भरावी लागेल. लगेच भरली तर दहा मिनिटांचं काम. आणखी दोन महिने थांबलीस तर मग बघ." आईने कपाळाला हात लावला. "दातांच्या डॉक्टरची मुलगी! मला कळायला बावीस मुलं लागली."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "अशा गोष्टी लपवू नयेत." आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. चांगलं मऊ होईपर्यंत बुडवलं. मग ते अलगद उजव्या गालात ठेवलं.

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. दिवसभरात ती गोळे ओळखायला शिकली होती. तिला कार्डांवरचं ते हसू आठवलं, ओठ मिटून. तीनशे कार्डांवर तीनशे वेळा.

"बाबा," ती म्हणाली, "आ करून दाखवा."

"मला काही झालेलं नाही."

आई सावकाश बाबांकडे वळली. क्ष-किरण.

"मला जरा थंडी वाजतेय," बाबा म्हणाले. त्यांनी सोफ्यावरचं खवल्यांचं ब्लँकेट ओढलं, पाय वर घेतले, डोकं आत घातलं. सोफ्यावर एक मोठा गोळा तयार झाला. त्याच्या अंगभर तीनशे बाबा ओठ मिटून हसत होते.

भिंगरी उठून उभी राहिली. पाठ ताठ केली, घसा साफ केला, अगदी वक्तृत्व स्पर्धेत केला होता तसा.

"आई, मी ठरवलंय. उद्या सकाळी दवाखान्यात दोन नावं लिही. पहिलं माझं. आणि बाबा, तुम्ही आतून ऐकताय हे मला माहितीये. हा गोळा उद्या मी स्वतः उघडून आणणार आहे."