मूळ तिकडे आहे

आमचे नाना पाहुण्याला पाणी नंतर विचारतात, आधी भिंतीवरच्या माणसांची ओळख करून देतात. "ही हॉलंडला असते. ही पॅरिसला. हे टोपीवाले आजोबा रशियात." नवख्याला वाटतं, काय गोतावळा आहे, सगळा परदेशात.

ती सगळी म्युझियममधल्या चित्रांची जुनी पोस्टकार्डं. नानांची निर्मळ गावात फुलांची वाडी. मोगरा खुडून झाला की स्कूटर निघते ती थेट नालासोपाऱ्याच्या रद्दीवाल्याकडे. "आओ फॉरेनवाले अंकल," म्हणत तो खोका पुढे सरकवतो. नवीन कार्ड मिळालं की पहिलं दर्शन मला, कारण मी शेजारीण. कुकर शिट्ट्या मारत असला तरी सुटका नाही. एकदा वैतागून म्हटलं, "नाना, शेवटी कागदच ना?"

"सुमन, हे नुसतं कार्ड. मूळ तिकडे आहे, सुखरूप."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

नानांची बायको, आमच्या मालतीकाकू, गेल्या तेव्हा नानांनी त्यांचा फोटो लावूच दिला नाही. फोटो आला की हार आला, आणि हार घातला की माणूस गेलं. मुलगा संतोष समजावून थकला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मात्र नानांनी आपणहून फोटो लावला. कार्डाएवढा कापून, हॉलंड आणि पॅरिसच्या मधोमध.

दुसऱ्या दिवशी चंदनसारहून पुतण्याची नवी बायको आली. तिने काकूंना कधी पाहिलेलं नव्हतं. हार घालायला सांगितल्यावर बिचारीने कुणाला न विचारता सगळ्यांनाच घातले. घरचा मोगरा, तोटा कसला. गुरुजी आले, भिंतीकडे बघून त्यांनी हात जोडले आणि दबक्या आवाजात विचारलं, "एवढी माणसं एकदम? कशाने?"

आम्ही पदर तोंडात कोंबला. नाना अंघोळ करून बाहेर आले, बघितलं, आणि स्टूल ओढून एकेक हार काढायला लागले. आजोबांचा काढला, हॉलंडवालीचा काढला. काकूंपाशी आले तसा संतोष म्हणाला, "बाबा, आईचा तरी राहू द्या."

नानांनी तोही काढला. मग स्टुलावरूनच गुरुजींना नेहमीसारखी ओळख करून दिली.

"ही मालती. हे नुसतं कार्ड. मूळ तिकडे आहे..."

पुढचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

"सुखरूप," मी म्हटलं.