नानांची जहरी बाग

घरी आलेल्या माणसाला नाना आधी पाणी देत नसत, इशारा देत. फाटकाची कडी वाजली की आतून खर्जातली घोषणा व्हायची, “उजव्या हाताला कण्हेर उभी आहे! मार्ग तोंड, पोट, काळीज. मधी कुठंबी थांबा न्हाई!” नवखा पाहुणा जागीच थबके आणि दोन्ही हात खिशात घाली.

भोकरदनच्या बसस्टँडवर नाना वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात त्यांनी माइकवरून जालन्याच्या आणि सिल्लोडच्या गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, आवाज तेवढा राहिला. तो त्यांनी झाडांना दिला. त्यांच्या आणि आमच्या अंगणांत भिंत एकच, तीही छातीएवढी, त्यामुळे माझं बरंचसं वाचन या घोषणांच्या संगतीत झालं. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

विषाची ही आवड त्यांना शेळ्यांमुळे लागली. आधी त्यांनी जास्वंद लावली होती, ती गल्लीतल्या शेळ्यांनी खाल्ली. गुलाब लावला, तो काट्यांसकट खाल्ला. मग एकदा गल्लीतल्याच शेवंताबाईंची राणी नावाची शेळी रस्त्याकडेच्या कण्हेरीला हुंगून, नाक मुरडून पुढे गेलेली त्यांनी पाहिली आणि त्यांना साक्षात्कार झाला. “सर, शेळी ज्याला तोंड लावत न्हाई, तेच झाड आपलं!” त्यानंतर बागेत कण्हेर आली, बिट्टी आली, धोत्रा आला, कुंपणावर कळलावी चढली. धोत्र्याची घोषणा मला विशेष आवडे. “ही गाडी सुटते शुद्धीवरून. पोचते कुठं, ते डायव्हरला बी माहीत न्हाई!”

कोणत्या देवाला काय वाहायचं यावरही त्यांचं वेळापत्रक पक्कं होतं. “महादेवाला सगळं जहर चालतं. धोत्रा त्याला, कण्हेर त्याला. पचवायची सवय आहे. बाकीच्या देवांचं पोट नाजूक.” कळलावी ते महालक्ष्म्यांसाठी शेजारणींना देत, पण देताना बजावत, “फूल देवीला, मुळी मातीला. मुळी उपटली तर माझ्याशी गाठ आहे!” झेंडूला मात्र ते फूलच मानत नसत. “तो हंगामी प्रवासी आहे. दसऱ्याला येतो, ट्रकवर बसतो, जातो.”

लग्नाबद्दल विचारलं की म्हणत, “आपली गाडी लागलीच न्हाई.” एवढं बोलून ते झारी भरायला जात.

माझ्या बायकोचं, सुमतीचं, आणि त्यांचं भांडण दर सोमवारी सकाळी ठरलेलं. तिचं माहेर धावड्याचं, महादेवाची भक्ती तिकडून आलेली. भिंतीवरून आमच्या अंगणात झुकलेल्या पांढऱ्या कण्हेरीची फुलं ती तोडायची. फांदी हलली की पलीकडून घोषणा, “चोरी! दिवसाढवळ्या चोरी!”

“फांदी आमच्याकडं आली, नाना. तिला बोलवायला कोण गेल्तं?”

“मागून घेतलं तर काय बिघडतं, वहिनी?”

“मागून घेतलं तर पुण्य मालकाला जातं. मी उपास करून राह्यले अन् पुण्य तुम्हाला?”

“मंग हात तरी धुवा! बराबर साबणानं!”

ती हात धुवायची आणि हसत आत यायची. मी पुस्तकातून मान वर करायचो नाही, पण हे सगळं ऐकल्याशिवाय माझा सोमवार सुरू होत नसे.

पुढे सुमती आजारी पडली आणि त्या आजारपणात तिचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. तरी सोमवार चुकला नाही. “बघा, झाडाला बी माझं वय कळायला लागलं,” ती म्हणायची. “फांदी दर साली खाली येऊन राह्यली.” शेवटच्या उन्हाळ्यात तर ती अंगणात खुर्ची टाकून बसूनच फुलं तोडायची. पलीकडून “चोरी!” तेवढ्याच जोरात.

पावसाळ्यात सुमती गेली. पलीकडच्या घोषणाही थांबल्या. फांदी आमच्या बाजूला फुलायची आणि फुलं तिथेच गळायची. देवघरातल्या पिंडीवर मी नुसतं पाणी घालायचो.

थंडीत शेळीचं प्रकरण झालं. नानांनी कण्हेर छाटली आणि फांद्या घरामागच्या बोळात टाकल्या. शेळी तोंड लावत नाही, ही त्यांची खात्री. पण पानं वाळली की त्यांचा कडूपणा कमी होतो आणि जहर तसंच राहतं. राणीने ती मजेत खाल्ली आणि दुपारी आडवी झाली. नाना स्वतः धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले आणि शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. संध्याकाळी ती उठली आणि उठता उठता तिने त्यांचा टॉवेल चावला. नानांनी तो तिला देऊन टाकला.

शेवंताबाई म्हणाल्या, “आज शेळी, उद्या लेकरू! सगळं जहर उपटा, नाना.”

“बिलकुल,” नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिट्टी काढली, धोत्रा काढला, कळलावीच्या मुळ्या खणून काढल्या. एकही घोषणा केली नाही. भिंतीजवळची पांढरी कण्हेर मात्र उभीच.

“ही न्हाई,” ते म्हणाले. का, ते सांगेनात.

गल्ली माझ्याकडे आली. “सर, कचरा तुमच्याच अंगणात पडतो. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. न्हाईतर आम्ही कुऱ्हाड घेऊन येतो.”

मी समजूत घालायला गेलो. एवढ्या वर्षांत त्या कण्हेरीला मी पलीकडून प्रथमच पाहत होतो. आमच्याकडे येणारी फांदी सुतळीने खाली ओढून भिंतीतल्या खुंटीला बांधली होती. त्या सुतळीच्या वर जुनी गाठ होती, तिच्याही वर आणखी जुनी, सालीत रुतलेली. भिंतीचा वरचा थर एका ठिकाणी काढून खाच केली होती, फांदी आणखी खाली जावी म्हणून. त्या खाचेतून समोर आमचं अंगण दिसत होतं, आणि सुमतीची खुर्ची.

नाना झारीच्या तोंडाकडे बघत होते.

“प्रवाशाला चालवत नसलं तर गाडी फलाटाला लावावी लागते, सर,” ते म्हणाले. “दुसरं काय.”

बाहेर येऊन मी गल्लीला सांगितलं, कण्हेर राहील. छाटलेलं पान न् पान मी स्वतः वेचीन आणि जाळीन.

“जाळू नका!” आतून आवाज आला. “धूर बी जहर! खड्डा करून पुरायचं!”

शेवंताबाई हसल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

पुढच्या सोमवारी सकाळी मी त्या खुर्चीत बसलो. फांदी हाताशीच होती. एक फूल तोडलं. पलीकडे झारीचा आवाज थांबला, पण घोषणा झाली नाही. मी फांदी जरा जोरात हलवली.

मग खाकरल्याचा आवाज आला.

“चोरी,” नाना म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. “हात धुवा, सर.”