सोफ्यावरचं घोंगडं

नवं स्लॅबचं घर होऊन दिवाळी उलटली, तरी हरणाबाई मेंढरांच्या वाडग्याशेजारचं पत्र्याचं खोपट सोडेनात. "मंगलनं सासूला भाईर ठिवलीया," असं चुलतसासू सुलाबाईनं भावकीत पसरवलं, तेव्हा मंगलनं पदर खोचला. तासगावातून सायीच्या रंगाचा सोफा आला, प्लॅस्टिकच्या वेली आल्या, बटणावर पेटणाऱ्या मेणबत्त्या आल्या.

हरणाबाई दारातच थबकल्या. "ह्यो दवाखाना हाय व्हय गं? नंबर लावाय लागतुय का?"

"आवं आत्ती, बसा की!"

"बसले तर डाग पडंल, न्हाई बसले तर तुला राग यील." आणि त्या गेल्या.

"आई नाकानं घर वळखती," नवरा जोतीराम म्हणाला. "हितं नुसता रंगाचा वास येतुय."

दुसऱ्या दिवशी हरणाबाई मेंढरांमागं रानात गेल्यावर मंगलनं त्यांचं घोंगडं आणून सोफ्यावर अंथरलं. धुवायचा मोहसुद्धा आवरला. पण त्या घोंगड्यावर बाटलीच्या दुधावर वाढलेलं गुंडा नावाचं कोकरूही झोपतं, हे ती विसरली.

संध्याकाळी कळप परतला. गुंडाला खोपटात घोंगडं दिसेना. नाक वर करून तो थेट हॉलमध्ये आला, सोफ्यावर चढला आणि आनंदानं ओरडला. दारावरून जाणाऱ्या मेंढीनं मान वळवली आणि ती आत शिरली. एक मेंढी शिरली, की बाकीच्यांना विचार करावा लागत नाही.

"आवं, दार लावा!" मंगल किंचाळली.

"आतली आत ठिवून, का भाईर काढून?" जोतीराम पडद्यात गुरफटून ओरडला.

एका मेंढीनं प्लॅस्टिकची वेल चावली आणि अपमान झाल्यासारखी थुंकली. एडक्याला टीव्हीच्या काळ्या काचेत दुसरा एडका दिसला. तो टक्कर द्यायला मागं सरला.

"आत्ती! टीव्ही!"

हरणाबाईंनी धावत येऊन त्याचं शिंग धरलं. "आरं मुडद्या, पावना हाय त्यो!"

मग त्या घोंगड्यावर मटकन बसल्या, गुंडाला मांडीवर घेतलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हॉलभर लेंड्या पडल्या होत्या.

"आता कसं घरावानी वाटतंय! चा ठेव गं."

त्या राहिल्या, गुंडासकट.

आठवड्यानं जोतीराम मंगलला शोधत खोपटात गेला. बटणाच्या मेणबत्त्या लावून, पाठीशी सोफ्याची उशी घेऊन ती चहा पीत होती.

"हितं काय करतीयास?"

"लय निवांत हाय बगा. दार वडून घ्या, मेंढरं येत्याल."

वाटेनं जाणाऱ्या सुलाबाईनं एवढंच पाहिलं. दिवेलागणीला भावकीत नवी बातमी होती: "हरणाबाईनं सुनंला भाईर काढलीया!"