आईंना भिंतीत चिणलं त्याची गोष्ट

माणूस घरात कसं टिकवायचं, हे मला कुणी शिकवू नये. मी एकशेवीस बुटके सांभाळते.

बुटके म्हणजे संगणकावरच्या खेळातले. गुडघ्याएवढी दाढीवाली माणसं, डोंगर पोखरून आत किल्ला बांधतात, आणि आपण वरून देवासारखं बघत हुकूम सोडायचे. इथे विहीर खणा, तिथे भटारखाना करा, वेशीवर उचलपूल बसवा. प्रत्येक बुटक्याला स्वभाव असतो, आवडनिवड असते, रुसवेफुगवे असतात. कुणी नाराज झाला की तो टेबल फोडतो, दुसऱ्याचं नाक फोडतो किंवा सरळ चालू लागतो. त्यामुळे हा खेळ खेळणारीला मनुष्यस्वभाव जितका कळतो, तितका लग्न जमवणाऱ्यांनाही कळत नसेल.

खेळायला वेळ मिळतो तो फक्त ठकी दुपारी झोपते तेवढा. ठकी माझी मुलगी, आठ महिन्यांची. ती झोपते माझ्या डाव्या खांद्यावर, आणि खाली ठेवली की पाठीला स्प्रिंग लावल्यासारखी उठते. म्हणजे मला फक्त उजवा हात मोकळा. एका हातानं भांडी घासता येत नाहीत, कपडे पिळता येत नाहीत. किल्ला बांधता येतो. यात माझा काय दोष?

आता एक कबूल करायला हवं. हा खेळ खेळणारे लोक माणुसकी चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवतात. मी तशी मुंगी पायाखाली आली तर तिची माफी मागणारी बाई. पण किल्ल्यात एक सरदार रोज नवा काचेचा पेला मागायचा, तर मी त्याला काचेच्याच खोलीत बंद केलं आणि दारावर पहारा ठेवला. खजिनदार उचलपुलावर उभा असताना पूल झटकन वर घेतला तर तो किती लांब उडतो, हेही पाहिलं. बराच उडतो. तिजोरी मात्र इकडेच राहते. एकदा मांजरं गरज पडली तर पोहायला शिकतात का, हे पाहायला मी एक मोठं टाकं खणून पाण्यानं भरलं होतं. शिकत नाहीत. आणि हे सगळं खांद्यावर लेकीचा ऊबदार श्वास, मानेवर तिची लाळ आणि तोंडानं अंगाई चालू असताना.

तर मुद्दा माणूस टिकवण्याचा. माझी रजा संपत आली होती. मी पाणीपुरवठा कार्यालयात जलवाहिन्यांचे नकाशे काढते, आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की रजा वाढणार नाही, एक तारखेला आला नाहीत तर जागा दुसऱ्याला. पाळणाघरवाली म्हणाली, मूल चालायला लागलं की आणा. म्हणजे ठकीचं पाऊल पडेपर्यंत घरात कुणीतरी हवं होतं. आणि तेवढ्यात सासूबाई पंधरा दिवसांसाठी राहायला आल्या.

आमच्या आई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी दार उघडताना अजून आधी घड्याळ बघतात. त्यांना सरळ विचारायचं ना, ‘आई, राहाल का?’ असं तुम्ही म्हणाल. विचारलं असतं तर त्या ‘हो’ म्हणाल्या असत्या. पण ते हो मनातलं की सुनेला वाईट वाटू नये म्हणून, हे कसं कळणार? त्यांना आपणहून राहावंसं वाटलं पाहिजे. आणि वाटायला लावणं, हे तर माझं रोजचं काम.

मी किल्ल्यातली एक म्हातारी निवडली. करारी, शिस्तीची, जरा फटकळ, गुडघे दुखणारी. हुबेहूब.

“तू आईवर प्रयोग करतेयस?” नवऱ्यानं विचारलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे तो कुठलीही गोष्ट डोळे बारीक करून बघतो.

“आईंवर नाही. आईंच्या नमुन्यावर. आधी तिथे करून बघायचं, जमलं तर इथे.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर तिथली एक बुटकी जाईल. एवढं तेवढं चालतं.”

त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

प्रयोग इतका सुरेख झाला की विचारू नका. म्हातारीला कोरीव पलंग दिला, तिची खुशी वाढली. कामातून मोकळं केलं, आणखी वाढली. रडकी पोरं तिच्या दारावरून न्यायची नाहीत असा हुकूम काढला, आणखी वर. पण ती मेली स्वस्थ बसेना. उठायची आणि दुसऱ्यांचे दगड उचलायला जायची. शेवटी मी दार काढून तिथे भिंत घातली. जेवणासाठी एक झरोका ठेवला. आणि तिच्या नावापुढे शब्द आला, ‘परमानंद’. सबंध किल्ल्यात आजवर तो कुणाला मिळाला नव्हता.

मी लगोलग घरी अंमल सुरू केला. आमची गादी आईंच्या खोलीत गेली, आम्ही सतरंजीवर आलो. त्यांनी झाडू उचलला की मी काढून घ्यायची. “आई, तुम्ही बसा.” त्यांनी भाजी चिरायला घेतली की सुरी काढून घ्यायची. “आई, तुम्ही पडा जरा.” ठकीनं ओठ काढला की मी तिला घेऊन गच्चीत पळायची, आईंच्या कानावर रडणं पडायला नको. चहा खोलीत, जेवण खोलीत. दार मी बाहेरून हळूच ओढून घ्यायची. भिंत घालणं शक्य नव्हतं, घर भाड्याचं आहे.

पहिले दोन दिवस आई म्हणाल्या, “अगं, मला काय झालंय?” मग गप्प झाल्या. परमानंदात माणूस गप्पच होतं, मी मनाशी म्हटलं.

शुक्रवारी नवरा दुकानातून आला तो तोंड पाडून.

“आई रविवारच्या बसनं चालली. तिकीट काढून आण म्हणाली.”

“चालली? कशी चालली? त्या अत्यंत सुखात आहेत.”

“मला विचारत होती, माझ्या हातून काही चुकलं का रे. पोरगीसुद्धा मांडीवर देत नाही म्हणाली, माझे हात अस्वच्छ वाटतात का तिला.”

हे परमानंदात कुठे बसेना. पण खेळाडूचा पीळ असतो. मला वाटलं, एखादी पायरी राहिली असेल. उशी कोरीव नसेल. शनिवारी दुपारी ठकी खांद्यावर पडताच मी किल्ला उघडला आणि म्हातारीच्या खोलीत काय कमी आहे ते बघायला लागले. इतकी गुंग झाले की मागे आई कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

“ही बाई भिंतीत का आहे गं?”

“ती... मजेत आहे.”

“दार कुठाय?”

मी काही बोलणार, तेवढ्यात नवरा आत आला, पडद्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, “अजून आईला बाहेर नाही काढलंस?”

ठकी तेवढी घोरत होती. आई एकदा पडद्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. नवऱ्यानं चष्मा काढला, म्हणजे त्याला कुणाचाच चेहरा दिसणार नव्हता. सोय असते एकेकाची.

मग मी सगळं सांगितलं. रजा, पाळणाघरवाली, नमुना, पलंग, झरोका. सांगताना शेवटी डोळ्यांत पाणी आलं आणि हात मोकळा नसल्यामुळे ते ठकीच्या टोपीला पुसलं.

आईंनी शेजारची खुर्ची ओढली. “सरक. हिचं काय लिहिलंय ते दाखव.”

“हे बघा, ‘परमानंद’.”

“ते वर लिहिलंय. खाली काय लिहिलंय?”

खाली बुटक्यांचे मनातले विचार असतात. लांबच लांब असतात, मी कधी वाचत नाही. आईंनी चष्मा नाकावर घेतला आणि मोठ्यांदा वाचलं. “पलंग फार सुंदर आहे. पलंग फार सुंदर आहे. आज कुणी बोललं नाही. हात रिकामे आहेत. भिंतीला नाव ठेवलं. पलंग फार सुंदर आहे.”

मला तोंड कुठे लपवावं कळेना.

“अगं, तीस वर्षं मुली सांभाळल्या,” आई म्हणाल्या. “रोज भांडणारी मुलगी कधी पळून गेली नाही. ‘सगळं छान आहे’ म्हणणारी असायची ना, तिच्या खिडकीला मी गज बसवून घ्यायची. काढ आधी हिला बाहेर.”

मी घाईघाईनं भिंत फोडायचा हुकूम सोडला. चुकीच्या भिंतीचा. म्हातारीच्या पलंगामागे ते मांजरांच्या प्रयोगाचं टाकं होतं. शहराच्या जलवाहिन्या कुठून कशा जातात हे जिला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, त्या बाईला आपलं टाकं कुठे आहे याचा पत्ता नव्हता. पाणी आत घुसलं आणि समोरची भिंतही फोडून पलंगासकट म्हातारीला घेऊन भोजनगृहात आलं. तिथून कोठारात. दारूची पिंपं तरंगायला लागली, त्यांवर नगराध्यक्ष तरंगायला लागले.

“आता?” नवरा म्हणाला. त्यानं चष्मा घातला होता.

“वेस उघडून पाणी बाहेर सोडावं लागेल. पण बाहेर हिरवे राक्षस तळ ठोकून आहेत.”

“पोरं किती आहेत?” आईंनी विचारलं.

“पोरं नाहीत आई, बुटके.”

“तेच ते. इकडे दे तो माउस.” आणि त्यांनी तो माझ्या हातातून असा काढून घेतला, जसा मी त्यांच्या हातातून आठवडाभर झाडू काढून घेत होते. “सगळ्यांना वरच्या मजल्यावर. रांगेनं. सामानाला हात लावायचा नाही.”

एक बुटका मोजे आणायला परत फिरला.

“असा एक प्रत्येक वसतिगृहात असतो,” आई म्हणाल्या आणि त्याच्यामागे दार लावून टाकलं.

“आई, तो आत राहिला!”

“हो. बाकीच्यांनी पाहिलं ना?”

बाकीच्यांनी पाहिलं होतं. एकही मागे फिरला नाही. इतकी वर्षं मी माणुसकी बाहेर काढून ठेवते असा माझा समज होता. आमच्या आईंनी ती बहुधा नोकरीला लागतानाच कार्यालयात जमा करून टाकली असावी. त्यांनी वेस उघडली. पाणी, पिंपं आणि नगराध्यक्ष एकदमच बाहेर पडले आणि राक्षसांची पहिली फळी धुऊन घेऊन गेले. उरलेल्यांनी किल्ल्याला वेढा घातला. पूल वर गेला. म्हातारी पलंगासकट जिन्यात अडकली होती, जिवंत. आईंनी तिला ताबडतोब भटारखान्यावर नेमलं.

ठकी केव्हाच उठून बापाच्या कडेवर गेली होती आणि तिथून आजीकडे झेपावत होती. आईंनी तिला बघितलंही नाही, नुसता डावा हात पसरला आणि तिला मांडीवर ओढून घेतलं. ठकीनं मुठीत त्यांची बाही धरली.

“तिकीट काढलंस का रे?” त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“काढलंय.”

“परत कर. वेढा पडलेला असताना रेक्टरनं वसतिगृह सोडून जायचं नसतं. उठला की जाईन.”

एक तारखेला मी कामावर हजर झाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मी नकाशा उघडला. घरी आई ठकीला पेज भरवतात, न्हाऊ घालतात, रागावतात, आणि ती झोपली की किल्ला बघतात. माझी चोरलेली दुपार गेली, पण ती चोरीचीच होती, तक्रार कुणाकडे करणार? गादी आमच्याकडे परत आली. आई म्हणाल्या, फार मऊ होती, पाठ धरली.

नवरा दर रविवारी विचारतो, “उठला का गं आई वेढा?”

“कसला उठतोय,” त्या म्हणतात. “फार चिवट आहेत.”

मला नवल वाटायचं. हे राक्षस इतके दिवस थांबत नाहीत. उपाशी राहिले की आपोआप निघून जातात. पण मी हे आईंना सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

मग परवा कार्यालयातलंच पाणी गेलं, म्हणून आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर आजी-नात पलंगावर आडव्या, एकमेकींच्या तोंडाकडे तोंड करून गाढ झोपलेल्या. ठकी खाली ठेवलेली, आणि झोपलेली! संगणक चालूच होता. मी वेशीबाहेर नजर टाकली. सैन्य केव्हाच संपलं होतं. दोनच राक्षस उरले होते, कोवळे, बसके, एका शेकोटीपाशी. त्यांच्यासाठी खोपट बांधलेलं होतं. दोन घोंगड्या होत्या. आणि तटावरून दोर सोडून रोज दोन वेळा त्यांना टोपलीनं जेवण पाठवायचा हुकूम होता.

मागे पलंग करकरला.

“आलीस होय लवकर?” आई म्हणाल्या.

“हो. आई, वेढा काय म्हणतोय?”

त्यांनी ठकीचं पांघरूण सारखं केलं. सारखंच होतं ते. “अवघड आहे गं. ही पोरगी चालायला लागेपर्यंत तरी काही उठत नाही.”

“मलाही तसंच वाटतं,” मी म्हटलं.

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दोघांपैकी एक राक्षस मला जरा वाळल्यासारखा दिसला. मी त्याचं जेवण दुप्पट केलं.