ट्यूबलाइटचा डोस

आमच्या नातीला दाखवायला नेतो त्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या खोलीत, एक ट्यूबलाइट आहे आणि ती गुणगुणते. घडलंय ते एवढंच. पुढे जे जे झालं ते नियमाप्रमाणे झालं, त्यामुळे त्यात कुणाचीच चूक नाही.

नात स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. आपण जे ऐकून न ऐकल्यासारखं करतो, ते तिला सगळं ऐकू येतं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती शिवणीच्या टेबलावर बसते. छापून घड्या घातलेले कागद सुईदोऱ्याने शिवायचे, हे तिचं काम. तिने शिवलेलं एक पुस्तक मी मुद्दाम गच्चीवरून खाली टाकून बघितलं होतं. जमिनीला खड्डा पडला, पुस्तकाचं पान हललं नाही. खोटं वाटत असेल तर या, खड्डा दाखवते.

तिला झोप लागत नसे. त्यावर डॉक्टरसाहेबांनी एक छोटी पांढरी गोळी दिली आणि ती लागू पडली. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल म्हातारीला औषधांचं वावडं आहे. पोरगी झोपायला लागली, घर झोपायला लागलं, शेजारचं कुत्रंसुद्धा झोपायला लागलं. इथेच थांबले असते तर मला सांगायला काही उरलं नसतं.

पण दवाखाना म्हटला की पुन्हा तपासणी आली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. वर ट्यूब गुणगुणत होती. सिस्टर आल्या.

"शून्य ते दहामध्ये सांगायचं. आत्ता अस्वस्थ किती वाटतंय?"

"आत्ता म्हणजे इथे?" नातीने विचारलं.

"आत्ता म्हणजे आत्ता."

"इथे आठ. ती ट्यूब गुणगुणतेय. घरी दोन असतं."

"घरचं विचारलं नाहीये," सिस्टर म्हणाल्या आणि आठ लिहून आत गेल्या.

डॉक्टरसाहेब माणूस अगदी गोड. त्यांच्या खोलीचं दार गादीसारखं जाड, आत टेबलावर स्वतःचा दिवा. बाहेरचं काही आत येत नाही.

"आठ! चिंता वाढलीय," ते हळहळले.

मी म्हटलं, "साहेब, चिंता कसली, ती ट्यूब बदला की."

"आजी, ट्यूब विद्युत विभागाकडे. ते बांधकाम विभागाला विचारणार, छत कुणाचं. छत ठरलं की शिडी मागवायची. शिडी भांडार विभागाची, आणि ती छताला पुरत नाही म्हणून परत पाठवलीय. गोळीला काय लागतं? माझी एक सही." आणि त्यांनी ती केलीसुद्धा. फार सुंदर सही. बघत राहावी अशी.

झालं. पिवळी गोळी आली. पिवळीने पोरगी कामावर पेंगायला लागली, म्हणून जागं ठेवायला गुलाबी आली. गुलाबीने भूक गेली आणि हात थरथरायला लागले, म्हणून थरथरीवर निळी आली. दर खेपेला बाकावर आम्ही त्याच ट्यूबखाली, आणि दर खेपेला आठ. एकदा ती म्हणाली, "आवाज अजून येतोय." लगेच कागदावर चढलं: रुग्णाला आवाज ऐकू येतात.

"अहो, मलाही येतो!" मी म्हटलं.

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. "आनुवंशिक दिसतंय," म्हणाले, आणि मला अर्धी पिवळी लिहून दिली. मी ती खिडकीतल्या कुंडीत पुरली. ते झाड आता कुणी काही बोललं तरी मनाला लावून घेत नाही.

इकडे कारखान्यात मालकीणबाईंनी तिचं पुस्तक हातात घेतलं. टाके दारू प्यायल्यासारखे चालले होते.

"अगं, हे तुझं काम नव्हे," त्या म्हणाल्या. "मी थोडी वाट बघते. हात स्थिरावला नाही तर तुला पॅकिंगला बसवावं लागेल बाई."

पॅकिंगला दिवसभर चिकटपट्टी ओढायची असते. तिचा तो चर्र चर्र आवाज ऐकला की आमची पोर कानावर हात ठेवून जिन्यात जाऊन बसते. म्हणजे पॅकिंग म्हणजे घरी बसणंच.

घरी येऊन तिने सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला जाईना. तिने हात टेबलावर ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघत बसली.

"आजी, हे हात माझे नाहीत. मला पांढरी गोळी हवी, बाकीच्या नकोत. मी डॉक्टरांना प्रत्येक वेळी सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणं हे लक्षण आहे, म्हणाले."

पुढच्या खेपेला बाकावर न बसता ती भिंतीभिंतीने फिरत राहिली. पाण्याच्या फिल्टरमागे एक बटण होतं. तिने ते दाबलं. ट्यूब विझली, गुणगुण थांबली. काय सांगू! बाकावरच्या सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. रडणारं एक बाळ झोपलं. आल्यापासून भांडत असलेल्या नवरा-बायकोला भांडण कशावरून होतं तेच आठवेना. खिडकीतून येत होता तेवढा उजेड पुरत होता.

सिस्टर आल्या. "किती?"

"दोन."

डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठले. "लागू पडलं!"

"मी बटण बंद केलं," नात म्हणाली.

"पण बटण बंद करायचं धाडस आलं कुठून? गोळ्यांमधूनच ना?"

"मग आता गोळ्या कमी करा."

"लागू पडलेलं औषध कुणी कमी करतं का? आठ होतं तेव्हा वाढवायचं होतं. आता दोन आहे, म्हणजे चालू ठेवायचं."

"किती आकडा आला की गोळ्या कमी होतात?"

डॉक्टरसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. छताकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं.

"असा आकडा आमच्याकडे नाही," ते म्हणाले.

बाहेर शिपायाने बटण पुन्हा चालू केलं होतं. सरकारी उजेड परवानगीशिवाय विझवता येत नाही.

नात काही चिडली नाही. तिला टोमणे मारता येत नाहीत, ते खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. ती सरळ म्हणाली, "तुम्ही बाहेर बाकावर बसा. मी इथे बसते. मग कळेल."

माणूस गोड, म्हणून गेले. उकडत होतं, म्हणून डॉक्टरी कोट खुर्चीवर टाकून गेले. तिथेच फसले. नियम असा की बाकावर जो असेल त्याला विचारायचं. आम्ही दार किलकिलं ठेवून ऐकत होतो.

"किती अस्वस्थ वाटतंय?"

"सिस्टर, अहो मी डॉक्टर आहे."

"असं पुष्कळ जण म्हणतात, साहेब. आकडा सांगा."

"शून्य. पण हा आवाज कसला येतोय?"

सिस्टरांनी ते लिहिलं.

"अहो, लिहिता काय? ट्यूब! ती वरची ट्यूब! बंद करा ती!"

"ओरडू नका. नऊ लिहिते."

नऊला काय द्यायचं ते डॉक्टरसाहेबांनी स्वतःच ठरवून ठेवलेलं. कागद तयार झाला, पिवळी, गुलाबी, निळी. नाही म्हणावं तर आजवरचं सगळं चुकलं म्हणावं लागणार. त्यापेक्षा गोळ्या घेणं सोपं. त्यांनी घेतल्या.

आणि त्यांचा हात थरथरायला लागला. ती सुंदर सही गेली. कागदावर नुसता भूकंप उमटायचा. औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने नातीचा नवा कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"सही जुळत नाही. नियमाप्रमाणे सही जुळत नसली की गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवायच्या."

"पांढरी?" तिने घाबरून विचारलं.

"तिचा कागद जुना, त्यावर जुनी सही आहे. ती चालू."

अशी पिवळी गेली, गुलाबी गेली, निळी गेली. एका सकाळी तिने सुईत दोरा ओवला, एका फटक्यात, आणि पुन्हा काढून पुन्हा ओवला, नुसता बघायला. "आले," ती हातांकडे बघून म्हणाली. पॅकिंगच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसलं.

डॉक्टरसाहेबांच्याही गोळ्या उतरल्या, कारण त्यांच्या कागदावरही सही त्यांचीच. हात स्थिरावल्यावर त्यांनी पहिली सही ट्यूब बदलायच्या अर्जावर केली. आणि तुम्हाला पटायचं नाही, पण शिडी मिळाली.

विद्युत विभागाने ट्यूब उतरवून तपासली. उजेड देते, सबब सुस्थितीत आहे, असा शेरा दिला. सुस्थितीतली वस्तू टाकून देता येत नाही. म्हणून तिला गरज असेल तिथे पाठवून दिलं. कुठे, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, लोक गोष्टी वाचत बसतात अशा कुठल्याशा खोलीत.

तेव्हा हे वाचताना उगाच मान अवघडली असेल, घरातल्या कुणावर तरी खेकसावंसं वाटलं असेल, तर जरा वर बघा आणि आधी बटण शोधा.

आणि काहीच ऐकू येत नसेल, तर अभिनंदन. तुमचा डोस बरोबर बसलाय.